दोघांची विदूषकी आणि तिसरी जागा

धागालेखिका: पायरीवरची

गेली सहा वर्षं मी आणि माझा जोडीदार, दोघंच मिळून काम करतो. शब्द कमी, शरीर जास्त, नाकावर लाल गोळा. नाट्यगृहात आम्ही क्वचितच असतो. वस्त्या, शाळा, वृद्धाश्रम, निवारा केंद्रं अशा ठिकाणी जातो, तिथल्या लोकांबरोबर आठ-दहा दिवस काम करतो आणि शेवटचा प्रयोग त्यांच्यासोबत उभा करतो. फिजिकल थिएटरवर इथे अधूनमधून चर्चा होते, पण जोडीने हे काम कसं चालतं यावर कुणी लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हा धागा. जरा लांबण लावणार आहे.

आधी शब्दाबद्दल. जोकर म्हटलं की पत्त्यातला आठवतो आणि क्लाउन म्हटलं की सर्कशीतला. मी विदूषक म्हणते, कारण संस्कृत नाटकातला विदूषक बहुतेक वेळा कुणाचा तरी सोबती असतो. राजा प्रेमात हरवलेला आणि याला भूक लागलेली. इटलीतल्या कॉमेडिया देल्लार्तेमध्येही, म्हणजे मुखवटे घालून करायच्या जुन्या विनोदी नाटकात, झानी म्हणजे नोकर दोन असायचे: पहिला झानी चलाख, डाव रचणारा; दुसरा भोळा, तोच डाव उधळणारा. पुढे सर्कशीत पांढऱ्या चेहऱ्याचा विदूषक हुकूम सोडायला लागला आणि ऑगस्ट नावाचा गबाळा ते हुकूम चुकीचे पाळायला लागला. म्हणजे जोडीची परंपरा जुनी आहे, आणि गंमत कायम दोघांच्या मधल्या फटीतून आली आहे.

पण लोकांमध्ये काम करताना हीच गोष्ट आडवी येते. मी चिडले, त्याने वेंधळेपणा केला, मी आणखी चिडले, झालं वर्तुळ पूर्ण. बघणाऱ्याला आत शिरायला फट नाही. नाट्यगृहात हे खपून जातं, तिथे लोक बघायलाच आलेले असतात. जिथे आपण म्हणतो की हे नाटक तुमचं आहे, तिथे बंद जोडी म्हणजे लोकांच्या अंगणात येऊन आपलं आपणच खेळत बसणं.

पहिली दोन वर्षं आम्ही तेच करत होतो. आणि लोकांना आत घ्यायचं म्हणजे काय, तर एखाद्याला हात धरून रिंगणात आणायचं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. एका वस्तीत तिसऱ्या दिवशी मी एका बाईंना असंच ओढलं. त्या हसत हसत आल्या, आम्ही त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली, चालायला लावलं, सगळे खूप हसले. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्यानंतरही नाही. त्यांच्या शेजारणीने सांगितलं की घरी गेल्यावर त्या कुणाशी बोलल्याच नाहीत. त्या आल्या तेव्हाचं हसणं हे लाज झाकायचं हसणं होतं, आणि मला ते ओळखता आलं नाही. शरीर वाचणं हे माझं काम आहे आणि समोरचं शरीर मी वाचलं नव्हतं. तेव्हापासून कुणालाही हात धरून आत आणायचं नाही, हा आमचा पहिला नियम. टोपी रिंगणाच्या कडेला ठेवायची. घ्यायची असेल तो घेईल.

त्यातून 'तिसरी जागा' आली. प्रत्येक प्रवेश बांधताना दोघांपैकी कुणालाच सोडवता येणार नाही अशी एक अडचण मुद्दाम ठेवायची, आणि ती सोडवणारी जागा रिकामी सोडायची.

उदाहरण देते. एका शाळेत लांब बाक घेऊन दारातून आत यायचं, एवढाच प्रवेश. मी पुढे, तो मागे. बाक आडवा, दार अरुंद. मी ओढते, तो ढकलतो. अशा ठरावीक विनोदी कसरतीला कॉमेडियावाले लाझ्झी म्हणायचे. पूर्वी आम्ही हा गुंता तीन मिनिटांत स्वतःच सोडवून टाळी घ्यायचो. त्या दिवशी ठरवलं होतं, सोडवायचा नाही. मी बाक खाली ठेवला, मुलांकडे बघितलं आणि थांबले. तो मागून डोकावला, त्यानेही बघितलं. दहा सेकंद तसेच गेले. प्रयोगात दहा सेकंद फार लांब असतात. मग दुसऱ्या रांगेतल्या साताठ वर्षांच्या एका मुलीने काही न बोलता आपला तळहात सपाट धरला आणि हळूच उभा केला. बाक तिरका करा, असं. मी तिच्याकडे बघून माझा तळहात उभा केला. बाक तसाच पडलेला. तिने जोरात मान हलवली. जोडीदार कमरेतून स्वतःच तिरका झाला. तेव्हा ती उठली, आली, बाकाच्या एका कडेखाली बोटं घातली आणि आम्हाला दोघांना नजरेने उभं राहायच्या जागा दाखवल्या. बाक आत आला. वर्गाने तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या प्रयोगात तो प्रवेश तिनेच बसवला, आणि आम्ही पुरेसे अडकत नाही म्हणून तालमीत चार वेळा परत करायला लावला.

यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. सल्ला चुकीचा पाळायचा तो एकदा, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा चुकलात की मुलाला कळतं की हे मुद्दाम चाललंय, आपली थट्टा होतेय. मग ते सल्ला द्यायचं थांबतं.

ग्रॉक नावाचा एक स्विस विदूषक होता (१८८०–१९५९). त्याचं स्टूल पियानोपासून लांब असायचं, तर तो स्टूल जवळ घेण्याऐवजी अख्खा पियानो स्टुलाकडे ढकलत न्यायचा. बघणाऱ्या प्रत्येकाला सोपं उत्तर दिसत असतं, एकट्या त्यालाच दिसत नाही. आम्ही त्याच कळीवर काम करतो, फक्त उत्तर ओठांवर आलेल्या माणसाला ते प्रत्यक्ष करायला वाव ठेवतो.

तुमच्यापैकी कुणी जोडीने काम केलं असेल, विदूषकी असो वा नसो, तर लिहा. मतभेदही लिहा.

---

रेघोट्या:
बाकाचा प्रवेश डोळ्यांसमोर उभा राहिला. त्या बाईंबद्दल वाचून मात्र गलबललं. वाचतेय, लिहीत राहा.

---

कोरा_मुखवटा:
उत्तम धागा. मी या शिक्षणातून गेलो आहे, म्हणून थोडी भर आणि एक आक्षेप.

भर अशी. फ्रेंच नाट्यशिक्षक झाक लकॉक यांनी १९५६ मध्ये पॅरिसमध्ये नाट्यशाळा काढली. त्यांच्या शिकवण्यात विदूषक कसा आला, ती गोष्ट तुमच्या मुद्द्याशी जुळते. त्यांनी विद्यार्थ्यांना वर्तुळात बसवलं आणि एकेकाने मध्ये येऊन बाकीच्यांना हसवायचं, असं सांगितलं. विद्यार्थ्यांनी कोलांट्या मारल्या, कोट्या केल्या, नाना सोंगं आणली. कुणी हसेना. शेवटी वैतागून, पडेल चेहऱ्याने ते जागेवर बसायला निघाले आणि तेव्हा सगळे हसले. सोंग गळून पडल्यावर जो माणूस उरला तो हसण्याजोगा होता. लाल नाक हा जगातला सर्वांत छोटा मुखवटा, असं ते म्हणत. पण त्यांच्याकडे नाकाच्या आधी कोरा मुखवटा, म्हणजे न्यूट्रल मास्क यायचा. कसलाच भाव नसलेला चेहरा. तो घातल्यावर तुमच्या चालण्यातली प्रत्येक लकब उघडी पडते. शरीर असं स्वच्छ झाल्याशिवाय नाकाला हात लावू नये, असं माझं मत आहे.

आता आक्षेप. तुम्ही शाळांमध्ये मुलांसमोर नाक घालता असं तुमच्या आधीच्या एका प्रतिसादात वाचलं होतं. नाक हा मुखवटा आहे. तो प्रेक्षकांकडे पाठ करून घालायचा, घातल्यावर त्याला हात लावायचा नाही, नाक घालून चहाच्या टेबलावर गप्पा मारायच्या नाहीत. ही शिस्त मोडली की नाकाची जादू जाते आणि ते नुसतं स्पंज उरतं.

---

पायरीवरची:
@कोरा_मुखवटा, लकॉक यांची गोष्ट इथे आणलीत, फार बरं केलंत. तालमीत आम्ही ती रोज जगतो.

नाकाच्या शिस्तीबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि मोठ्यांसमोर आम्ही ती पाळतो. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांसमोर मात्र पाळत नाही, आणि ते पूर्ण विचारांती ठरवलंय. लहान मुलाला ओळखीच्या चेहऱ्यावर एकच गोष्ट बदललेली दिसली की ते घाबरतं, कारण चेहरा आहेही आणि नाहीही. आम्ही मुलांसमोर मांडी घालून बसतो, नाक तळहातावर ठेवून दाखवतो, घालतो, काढतो, पुन्हा घालतो. प्रत्येक वेळी नाकासकट शरीर बदलतं आणि नाक काढलं की ताई परत येते. तीन-चार वेळा झालं की मुलंच सांगायला लागतात, आता घाल, आता काढ. भीतीची दोरी त्यांच्या हातात येते. जादू गेल्याचं मला कधी जाणवलं नाही. उलट हे कसं घडतं हे ठाऊक असूनही ती हरखतात.

रंगरंगोटीही आम्ही जवळजवळ सोडली. पांढराफटक चेहरा आणि रंगवलेलं मोठं तोंड सर्कशीच्या लांबच्या रांगेसाठी होतं. दोन हातांवरून बघणाऱ्याला ते अंगावर येतं.

कोऱ्या मुखवट्याबद्दल एक शंका आहे. वस्तीत आठ दिवसांत तुम्ही लोकांना काय देणार? आमच्याकडे मुखवट्याला वेळ नसतो. आम्ही लकॉक यांच्याच ताणाच्या सात पातळ्या घेतो: अगदी गळून गेलेल्या शरीरापासून ताणाने दगड झालेल्या शरीरापर्यंत. एका पातळीवरून दुसरीवर जायचं, बस. आजोबा असोत की मुलगी, पाच मिनिटांत कळतं, आणि कळल्यावर लोक एकमेकांकडे बोट दाखवून सांगतात की हा रोज कामावरून येतो तेव्हा पहिल्या पातळीवर असतो.

---

कोरा_मुखवटा:
मुलांबद्दलचं पटलं. मी मोठ्यांना शिकवतो, म्हणून तो विचार केला नव्हता. ताणाच्या पातळ्या आठ दिवसांत योग्यच. फक्त त्या आधी तुम्ही दोघांनी कोऱ्या मुखवट्यावर वर्षभर तरी घालवावं, लोकांनी नव्हे.

---

पायरीवरची:
हो, आमच्या दोघांसाठी ते मान्य. करतोय.

---

रात्रपाळी:
ताई, मी बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. आमच्याकडे विदूषकांचा एक गट यायचा, कुठला ते सांगत नाही. पहिल्या महिन्यात आम्ही सगळ्या वैतागलो होतो. ऐन पाळी बदलताना यायचे, एका खोलीत सहा जण शिरायचे, गाणी मोठ्याने. एका मुलाला नुकतीच झोप लागली होती, ते दचकून उठलं. आईच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरू शकत नाही.

तरीही हे काम मला नको आहे असं नाही. इटलीत फ्लॉरेन्समध्ये झालेला एक अभ्यास २००५ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात आला होता. शस्त्रक्रियेला जाणारी ४० मुलं, वय ५ ते १२. निम्म्यांसोबत भूल देताना पालक आणि विदूषक होते, निम्म्यांसोबत फक्त पालक. विदूषक असलेल्या मुलांची घालमेल भूल देताना बरीच कमी होती. पण त्याच अभ्यासात हेही आहे की मुलांना फायदा होतो हे कर्मचाऱ्यांनी मान्य केलं, आणि तरी त्यातल्या बहुतेकांचा उपक्रम पुढे चालू ठेवायला विरोध होता, कारण कामात अडथळा येतो. मी ते वाचलं तेव्हा वाटलं, हे तर आमच्याच विभागाबद्दल लिहिलंय.

तुम्ही रुग्णालयात जाता का? आणि दोघंच का, एकटा किंवा पाच जण का नाही?

---

पायरीवरची:
@रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद मी जोडीदाराला मोठ्याने वाचून दाखवला. दोन्ही बाजू एकाच माणसाने सांगितलेल्या फार कमी ऐकायला मिळतात.

रुग्णालयात आम्ही फक्त एक वर्ष जात होतो, शिकाऊ म्हणून. या कामाची मोठी सुरुवात न्यूयॉर्कमध्ये १९८६ साली झाली. बिग ॲपल सर्कसच्या मायकेल ख्रिस्टेन्सन यांनी डॉक्टरांचं विडंबन करणारे विदूषक वॉर्डात न्यायला सुरुवात केली, आणि जोडीने जाण्याची पद्धत त्यातून रुजली. पॅरिस आणि ब्राझीलमध्ये १९९१ पासून अशाच संस्था उभ्या राहिल्या. दोघंच का, याचं उत्तर मला खाटेजवळ उभं राहून कळलं.

एकटा विदूषक आला की तो मुलाकडेच बघणार, मुलालाच बोलणार. म्हणजे मुलावर प्रतिसाद द्यायचं ओझं आलं. आधीच दिवसभर ज्याला हात दे, तोंड उघड, पालथा हो असं सांगितलं जातंय, त्याला आता 'हस' असंही सांगितल्यासारखं होतं. दोघं असले की खेळ दोघांमध्ये चालतो. मूल भिंतीकडे तोंड करून पडू शकतं आणि कानाने ऐकू शकतं. हवं तेव्हा वळेल. आणि पाच जण असले की खोली भरून जाते, मुलाला पळायला जागा राहत नाही.

दाराशी थांबून विचारायचं, येऊ का? मूल नाही म्हणालं की खरंच जायचं. लांब चेहरा करून पुन्हा डोकवायचं नाही. सुईला नाही म्हणता येत नाही, औषधाला नाही म्हणता येत नाही, विदूषकाला म्हणता येतं. ते 'नाही' आम्ही आनंदाने घेतो, एकमेकांवर आपटत, दार चुकवत, पण जातो. एक मुलगा चार दिवस रोज आम्हाला हाकलायचा. पाचव्या दिवशी आम्हाला जरा उशीर झाला तर दाराकडे बघत बसला होता, असं तिथल्या परिचारिकेने सांगितलं. आत मात्र त्याने पाचव्या दिवशीही घेतलं नाही.

आणि तुमचं पाळी बदलण्याचं. आम्ही आधी परिचारिकांच्या टेबलाशी जायचो, नाक न घालता. कोण झोपलंय, कुणाला टाके आहेत, हसलं तर कुणाला दुखेल. ते न विचारता आत जाणं म्हणजे आंधळेपणाने जाणं. तुमच्याकडे जे आले त्यांना हे कुणी शिकवलं नसावं, आणि त्याचा त्रास त्या मुलाला झाला.

---

रात्रपाळी:
हसलं तर कुणाला दुखेल, हा प्रश्न आम्हाला कुणी विचारलाच नव्हता. आभार ताई.

---

निळीशाई:
सगळं हृद्य आहे, पण मला एक टोचतंय. वस्तीत पाणी नाही, शाळेला शिक्षक नाहीत, आणि तुम्ही दोघं बाक घेऊन दारात अडकता. लोक हसतात. मग तुम्ही जाता. हसवणं हा लोकांचा राग निववायचा मार्ग तर होत नाही ना? आयोजकांना हवं तेच? रागावून लिहीत नाहीये, खरंच जाणून घ्यायचंय.

---

पायरीवरची:
@निळीशाई, हा प्रश्न मला झोपू देत नाही, म्हणून नीट लिहिते.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, जिथे माणसं नुकतीच सगळं गमावून बसली आहेत. १९९३ मध्ये बार्सिलोनाचा तोर्तेल पोल्त्रोना हा विदूषक क्रोएशियातल्या निर्वासितांच्या छावणीत जाऊन प्रयोग करून आला आणि त्यातून सीमांपलीकडच्या विदूषकांची संघटना उभी राहिली. त्याला तिकडे जायला सांगणारी शाळेतली मुलं होती. तिकडच्या मुलांशी त्यांचा संपर्क होता आणि त्या मुलांना हसायची आठवण येत होती. अशा ठिकाणी तासभर हसणं हीच मागणी असते, आणि तिच्यावर प्रश्न उभा करायचा अधिकार मला आहे असं वाटत नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही म्हणता ती. रोजची अडचण, वर्षानुवर्षांची. तिथे नुसतं हसवून निघून येणं मलाही खोटं वाटतं. तिथे आम्ही ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांच्याकडून घेतो. त्यांच्या फोरम थिएटरमध्ये अन्यायाचा प्रसंग एकदा पूर्ण दाखवतात, वाईट शेवटासह. मग तोच पुन्हा सुरू होतो आणि प्रेक्षकातला कुणीही 'थांबा' म्हणून पात्राची जागा घेतो आणि वेगळं करून बघतो. त्यांनी प्रेक्षकाला बघणारा-करणारा असं नाव दिलं. १९९३ ते १९९६ या काळात ते रिओ द जानेरोचे नगरसेवक होते, तेव्हा असल्याच प्रयोगांतून आलेल्या सूचनांचे १३ कायदे झाले. म्हणजे रिंगणातून कागदापर्यंत वाट जाऊ शकते.

आमचं त्यात एवढंच की अडचण विदूषक करून दाखवतात. माझा जोडीदार टेबलामागचा साहेब होतो, मी अर्ज घेऊन रांगेत. तो शिक्का मारायला हात उचलतो आणि शिक्का त्याच्याच हाताला चिकटतो. लोक आधी हसतात, कारण ते सगळं त्यांनी भोगलेलं आहे. मग कुणीतरी उठतं आणि मला बाजूला सारून म्हणतं, असं नाही विचारायचं, मी दाखवतो. माझ्या अनुभवात विदूषक चुकत असला तर लोक लवकर उठतात, कारण त्याच्याहून वाईट तर आपण करणार नाही, अशी खात्री असते. एका ठिकाणी अशीच उठलेली एक बाई नंतर खरोखरच अर्ज घेऊन गेली, सोबत अकरा जणींना घेऊन. काम झालं की नाही ते मला कळलं नाही, कारण आम्ही तोवर निघून गेलो होतो.

आणि तिथेच तुमचा काटा अजून टोचतो. निघून जाणं. आता आम्ही एका ठिकाणी किमान तीनदा जातो आणि पहिल्या भेटीत प्रयोगच करत नाही. याने प्रश्न मिटला असं म्हणणार नाही.

---

निळीशाई:
प्रामाणिक उत्तराबद्दल धन्यवाद. अकरा जणींचं लक्षात राहील.

---

मधली_विंग:
+१. तीनदा जाण्याची अट आयोजक मान्य करतात का?

---

पायरीवरची:
अर्धेअधिक नाही करत. तिथे आम्ही जात नाही.

---

अर्धी_जोडी:
नाव बघूनच कळेल. सात वर्षं जोडीने काम केलं, मग तुटलं. कुणाचा दोष ते इथे काढायचा नाही, पण जे आधी ठरवायला हवं होतं ते सांगते.

रंगमंचावर मी नेहमी खालची, ती नेहमी वरची. ती हुकूम सोडणार, मी मार खाणार. लोकांना आवडायचं. पण हळूहळू हे तालमीतही आलं, मग आयोजकांशी बोलण्यात, मग मानधनात. भूमिका कुठे संपली ते आम्हाला कळलंच नाही.

पॅरिसच्या फुटिट आणि शोकोला या जोडीबद्दल वाचलं तेव्हा मी रडले होते. फुटिट गोरा इंग्रज. शोकोला म्हणजे रफाएल पादिया, क्यूबात गुलामीत जन्मलेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोघं तुफान लोकप्रिय होते. बहुतेक प्रवेशांत एकजण मारणारा, दुसरा मार खाणारा, आणि प्रेक्षक त्यात आपला वर्णद्वेष मजेत बघायचे. इतका गाजलेला शोकोला १९१७ मध्ये बोर्दोमध्ये गरिबीत वारला. माझं दुःख त्याच्या दुःखाच्या पासंगालाही पुरणार नाही. तरीही, मार कोण खातं आणि तो कोण ठरवतं, हे प्रत्येक जोडीने विचारावं.

आणि लेखी करा. जोडी मोडली तर कुठला प्रवेश कुणाचा. आमचा सूटकेसचा प्रवेश दोघींनी मिळून घडवला होता, आज दोघींपैकी कुणीच करत नाही.

---

पायरीवरची:
@अर्धी_जोडी, हे लिहिणं सोपं नव्हतं. मनापासून आभार.

मार कोण ठरवतं याचं उत्तर आमच्याकडे तंत्रातच आहे, आणि ते मला तुमच्या प्रतिसादानंतर वेगळ्याच अर्थाने दिसायला लागलं. रंगमंचावरच्या चपराकीत हात गालाच्या पुढून, अंतर ठेवून जातो. आवाज बहुतेक वेळा मार खाणारा काढतो, आपल्याच दोन हातांची टाळी वाजवून, छातीपाशी, प्रेक्षकांच्या नजरेआड. म्हणजे चपराक कधी बसली हे मार खाणारा ठरवतो. मारणारा फक्त हात फिरवून थांबतो. केस ओढायच्या प्रवेशातही तसंच: ओढणारा मूठ डोक्यावर नुसती टेकवतो, ज्याचे केस ओढले जातात तो दोन्ही हातांनी ती मूठ आपल्या डोक्याशी घट्ट धरतो आणि स्वतःच चालतो. ओढणारा त्याच्यामागे खेचला जातो. लोकांना हे शिकवतो तेव्हाही आम्ही हेच आधी शिकवतो, आणि किशोरवयीन मुलं एकदम गप्प होतात.

आमच्यात आणखी तीन गोष्टी ठरलेल्या आहेत. प्रत्येक नव्या ठिकाणी वरचा-खालचा बदलायचा. लोकांसमोर दोघंही त्यांच्या खाली. वस्तीतलं सर्वांत लहान पोरही आमच्यापेक्षा शहाणं. आणि प्रयोग झाल्यावर त्या दिवशी चुका काढायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, आधी स्वतःच्या. हा शेवटचा नियम आम्ही एका फार वाईट भांडणानंतर केला, भर रस्त्यात, नाकं खिशात.

लेखी करार मात्र आमच्यात नाही. तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री बसलो आणि प्रवेशांची यादी केली. बाकाच्या प्रवेशापुढे आम्ही त्या मुलीचं नाव लिहिलं.

---

अर्धी_जोडी:
तेवढ्यासाठी तरी लिहिलं याचं समाधान आहे.

---

उलट_सुलट:
ताई, मी आणि माझा मित्र, दोघंही नवखे. नाक विकत आणलंय पण इथलं वाचून घालायची हिंमत होत नाहीये. पडायचं कसं तेही शिकलो नाही. सुरुवात कशी करू?

---

पायरीवरची:
नाक कपाटात ठेव. काही महिने तरी.

पडणं कुणाकडून तरी समोरासमोर शिका, व्हिडिओ बघून नको. गुडघ्याला पट्टे बांधा. जिथे प्रयोग असेल तिथली जमीन आधी अनवाणी चालून बघा. खडा, काच, ओल, सगळं पायाला कळतं. दोघांच्या जोडीत एक पाय मुरगळला तर अर्धा गट गेला, बदली कुणी नसतं. एकमेकांना धरताना बोटं नका धरू, मनगट धरा, त्याने तुमचं आणि तुम्ही त्याचं. एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते.

आणि रोज काठीचा सराव. एक काठी, तिचं एक टोक तुझ्या तळहाताच्या मध्यावर, दुसरं मित्राच्या. पकडायची नाही, फक्त दोन्हीकडून जेमतेम दाब. बोलायचं नाही. चाला, बसा, वळा, झोपा, उठा. जास्त दाबलं तर टोचते, कमी केलं तर पडते. पहिले काही दिवस तुमच्यातला एक जण नेत राहील, दुसरा मागे जाईल. कोण नेतोय हे तुम्हा दोघांनाही सांगता येणार नाही असा एखादा मिनिट आला की कुणाला तरी बघायला बोलवा. आणि मग काठी पडू द्या. ती कोण उचलतं ते बघा.

---

उलट_सुलट:
उद्यापासूनच. काठी केवढी घेऊ?

---

पायरीवरची:
तुझ्या कमरेइतकी. टोकं घासून गोल कर, नाहीतर तळहात सोलवटतील.